चेंडू पडला की पाडला? खान्देशातल्या एका विनोदी जगलरचं प्रकरण

२०२३ च्या जानेवारीतली संध्याकाळ. यावल तालुक्यातल्या एका गावात शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं. पुढे सतरंज्यांवर मुलं, मागे खुर्च्यांवर गावकरी, त्यांच्याही मागे केळीच्या बागा आणि तिकडून येणारा बोचरा गारवा. स्टेजवर जिभाऊ, सर्कशीत काम केलेले विनोदी जगलर, तीन चेंडू झेलत होते. तिसरा चेंडू निसटला, फळीवर आपटला आणि घरंगळत पुढे आला.

ही हशाची जागा. त्या जागेवर मी त्यांना निदान पन्नास वेळा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी मुलं खिदळली होती. त्या दिवशी पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, धावत जाऊन तिने चेंडू उचलला, दोन्ही हातांनी पुढे धरला आणि म्हणाली, "आबा, घ्या." मागून एका बाईंचा आवाज आला, "दमले असतील बिचारे." पुढच्या सहा मिनिटांत आणखी सात चेंडू पडले. प्रत्येक वेळी कुणीतरी उचलून दिला. शेवटी टाळ्या झाल्या, पण त्या म्हाताऱ्या माणसाला एसटीतून उतरताना हात द्यावा तशा होत्या.

परतताना मोटारसायकलवर माझ्या मागे ते बराच वेळ गप्प बसले होते. भुसावळच्या अलीकडे म्हणाले, "सर, मी पाडा नही. तो पडना."

मी जळगावला शाळेत शिकवतो आणि सुट्ट्यांमध्ये मुलांची नाट्यशिबिरं घेतो. त्या निमित्ताने जिभाऊंशी बारा वर्षांची ओळख. पाडणं आणि पडणं यांतलं अंतर आपल्याला कळतं असा माझा समज होता. ते खरोखर कळायला पुढचं वर्ष गेलं, आणि त्या वर्षात मी त्यांना एक साफ चुकीचा सल्लाही दिला. ते सगळं इथे मांडतो आहे. कलावंताच्या उतारवयाबद्दल आपल्याकडे हळहळ पुष्कळ लिहिली जाते. नेमकं काय बिघडलं, काय करून पाहिलं आणि त्यातलं काय लागू पडलं, याची नोंद मात्र क्वचित सापडते.

तंबूतली वर्षं

जिभाऊ हे त्यांचं नाव नाही. खान्देशात वडीलधाऱ्या माणसाला आदराने म्हणतात तो हा शब्द. खरं नाव आणि गाव लिहू नका असं त्यांनी सांगितलं, म्हणून लिहीत नाही. गाव बोरी नदीच्या खोऱ्यातलं, घरची कोरडवाहू शेती. वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे लहानपणी त्यांनी एका माणसाला तीन लिंबं हवेत फिरवताना पाहिलं. घरी येऊन लिंबं फिरवली, आईने लिंबांसाठी मारलं, मग नदीतले गोटे घेतले. एक गोटा कपाळावर बसला त्याची खूण अजून आहे.

डोंबाऱ्याच्या घरात मूल चालायला लागतं तेव्हाच दोरावर चढतं. जिभाऊंच्या घरात असं काही नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, एकोणिसाव्या वर्षी, ते एका सर्कस कंपनीत खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे तंबू उभा करणारा, खुंट्या ठोकणारा, दोर ताणणारा माणूस. रिंगमध्ये जायला त्यांना चार वर्षं लागली. शिकवलं केरळमधल्या तलश्शेरीकडच्या एका उस्तादांनी. भारतातल्या सर्कशीत तलश्शेरीचं नाव मोठं आहे, कारण कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी तिथे कसरतपटूंच्या पिढ्या घडवल्या. उस्तादांनी पहिले सहा महिने जिभाऊंना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नवशिका चेंडू पुढे पुढे फेकतो आणि त्याच्यामागे चालत सुटतो. समोर भिंत असली की फेक आपोआप अंगाजवळ येते. पायाशी खाट ठेवायची, म्हणजे पडलेला चेंडू उचलायला दर वेळी जमिनीपर्यंत वाकावं लागत नाही. तीन चेंडू दोन महिन्यांत जमले. पाच जमायला तीन वर्षं गेली. रोज एक, चार आणि सात वाजताचे तीन खेळ, आणि त्यांच्या आधी पहाटेचा सराव.

विनोदाकडे ते ठरवून गेले नाहीत. कंपनीतला एक जोकर मुक्कामाच्या मधेच गाव सोडून गेला, त्याची पँट जिभाऊंना चढवली आणि रिंगमध्ये ढकललं. पहिल्या रात्री घाबरून हातातले पाचही चेंडू सुटले. तंबू हसला. उस्ताद पडद्यामागून म्हणाले, उद्या हेच कर, पण घाबरू नकोस. जिभाऊ सांगतात की ते "घाबरू नकोस" पाळायला त्यांना दोन वर्षं लागली. पडणं तेच ठेवायचं आणि त्यातली भीती काढून घ्यायची.

या कलेचा वंश मोठा आहे. १८२१ मध्ये विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने भारतीय बाजीगरांवर लिहिलं. चार पितळी चेंडू एकाच वेळी हवेत ठेवणाऱ्या माणसापुढे त्याला आपलं लिहिणं-बोलणं थिटं वाटलं होतं. त्याच सुमाराला रामो सामी नावाचा आपल्याकडचा बाजीगर लंडनमध्ये गाजत होता. तो १८५० मध्ये तिथेच वारला, गरिबीत. आपली पहिली देशी सर्कस विष्णुपंत छत्र्यांची, १८८० ची. छत्रे मूळचे घोडे शिकवणारे. त्याच १८८० साली अमेरिकेत डब्ल्यू. सी. फील्ड्स जन्मला, आणि आमच्या असोद्यात बहिणाबाई जन्मल्या. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या एकत्र आठवतात. फील्ड्स पुढे सिनेमातला मोठा विनोदी नट झाला, पण सुरुवात त्याची जगलर म्हणून. फाटक्या भटक्याचा वेष, तोंडातून अक्षर नाही आणि हातात सिगारची खोकी. १९३४ च्या एका चित्रपटात त्याचा तो खेळ टिकून आहे. मी तो जिभाऊंना मोबाइलवर दाखवला. त्यांनी चार वेळा पाहिला आणि म्हणाले, याचा खांदा बघा, एकदाही वर गेला नाही. पुढे सगळं या खांद्यापाशीच येणार होतं.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर बंदी आणली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं, जिभाऊही तसंच म्हणतात. कंपनीचं मात्र एक तासाचं काम गेलं. रिकामा वेळ भरायला जिभाऊंचा चार मिनिटांचा आयटम नऊ मिनिटांचा झाला. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत भरलेली वर्षं हीच, तंबू रिकामे होत होते तेव्हाची. २००५ च्या आसपास कंपनी थांबली आणि ते गावी परतले. तेव्हापासून यात्रा, शाळांची संमेलनं, हळदीचे कार्यक्रम, जळगाव-धुळ्यातले वाढदिवस आणि माझं शिबिर.

चार पडझडींचा आयटम

खेळ असा. तीन चेंडू सुरळीत चालू. तिसरा पडतो. जिभाऊंना ते कळत नाही. हात तसेच चालतात, तिसऱ्या चेंडूची रिकामी जागा हवेत तशीच फिरत राहते. मग ते थांबतात आणि वर बघतात. चेंडू वर गेला होता, खाली आला नाही, म्हणजे वरच असणार. मुलं ओरडतात, "खाली! खाली!" ते आणखी वर बघतात.

दुसऱ्यांदा पडतो तेव्हा ते पहिल्या रांगेतल्या एखाद्या मुलाकडे संशयाने पाहतात. तिसऱ्यांदा वाकतात तर टोपी पडते, टोपी उचलतात तर चेंडू पडतो. हा भाग लांबतो, इथे सगळ्यात मोठा हशा. मग सगळे पुन्हा पडण्याची वाट बघत असतात आणि चेंडू पडत नाही. पाच चेंडू, दहा सेकंद, एकही चूक नाही. मग नमस्कार.

आमच्याकडच्या तमाशाची बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. सोंगाड्या प्रश्न चुकीचा ऐकतो, भलतंच उत्तर देतो, पण ढोलकीच्या ठेक्यावर बरोबर मात्रेला येतो. मात्रा चुकली तर तो सोंगाड्या उरत नाही, न शिकलेला माणूस उरतो.

जिभाऊंच्या आयटममध्ये ही मात्रा किती बारीक आहे ते मला एका गणितज्ञामुळे कळलं. माहितीशास्त्राचा पाया घालणारा क्लॉड शॅनन हौशी जगलर होता. १९८० च्या आसपास त्याने जगलिंगचं एक समीकरण मांडलं. चेंडू हवेत असतो तो वेळ अधिक हातात असतो तो वेळ, गुणिले हातांची संख्या; हे बरोबर हात रिकामा असतो तो वेळ अधिक चेंडू हातात असतो तो वेळ, गुणिले चेंडूंची संख्या. शॅननने चेंडू झेलणारं एक यंत्रही बनवलं होतं, आणि त्याला रूप दिलं होतं फील्ड्सचं.

आता जिभाऊंचे आकडे घालू. तीन चेंडूंना ते हातापासून साधारण ६० सेंटीमीटर उंच फेकतात. तेवढी उंची म्हणजे हवेत ०.७ सेकंद. चेंडू हातात राहतो अंदाजे ०.३५ सेकंद. समीकरणातून हात रिकामा राहतो तोही ०.३५ सेकंद. वर बघणं, खांदा सैल ठेवणं, काही झालंच नाही असा चेहरा ठेवणं, हा सगळा अभिनय त्या एक तृतीयांश सेकंदात सुरू व्हावा लागतो. पाच चेंडूंना ते १२० सेंटीमीटर उंच फेकतात. उंची दुप्पट झाली तरी हवेतला वेळ दुप्पट होत नाही, तो जेमतेम एक सेकंद होतो. हात रिकामा राहतो फक्त ०.१९ सेकंद. शिवाय फेकीच्या कोनात तेवढीच चूक झाली तर दुप्पट उंचीवरचा चेंडू दुप्पट लांब पडतो. म्हणून थट्टा नेहमी तिनावर चालते आणि पाच चेंडू फक्त दाखवायला असतात. तिनावर हाताकडे वेळ शिल्लक असतो. जगलरचा सगळा विनोद त्या शिलकीवर उभा असतो.

चुकीचं निदान

यावलच्या कार्यक्रमानंतर मी सरळ मानलं की वय झालं. जिभाऊंनी साठी ओलांडली होती आणि डावा खांदा थंडीत धरायचा. त्यांनी सराव दुप्पट केला. मी त्यांना म्हणालो, "पडू द्या. नाहीतरी लोक पडण्यावरच हसतात. पडला की काहीतरी बोला, चेंडूला रागवा, स्वतःला रागवा." आम्ही बसून चार-पाच वाक्यंही तयार केली.

ती त्यांनी दोन ठिकाणी वापरून पाहिली, एरंडोलकडच्या एका हळदीला आणि जळगावच्या एका वाढदिवसाला. लोक हसले, पण पाहुण्याच्या घरी चहा सांडल्यावर यजमान हसतो तसे. दुसऱ्या कार्यक्रमानंतर जिभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, हाई भीक मांगानं काम शे." मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. तीस वर्षांहून जास्त काळ ज्या माणसाने खोटी चूक कमावली त्याला मी खऱ्या चुकीची माफी मागायला लावत होतो.

चूक कुठे होती ते मोबाइलच्या चित्रणात दिसलं. जुन्या शिबिरातलं एक चित्रण माझ्याकडे होतं, ते आणि वाढदिवसाचं, दोन्ही संथ गतीने शेजारी शेजारी लावून पाहिली. ठरवून पाडलेल्या चेंडूच्या वेळी जिभाऊंचं डोकं हलत नाही, खांदे खाली असतात, रिकामा हात आपल्या ठेक्यात वर-खाली होत राहतो. खऱ्या पडण्यात चेंडू जमिनीवर पोहोचायच्या आधीच हनुवटी खाली येते, खांदे कानांकडे चढतात, श्वास अडतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत घडतं. सतरंजीवरच्या सात वर्षांच्या मुलीला यातलं काहीही शब्दांत सांगता आलं नसतं. तिने ते वाचलं मात्र अचूक, आणि म्हणून ती उठली.

अंगणातला बल्ब

मार्चमध्ये मी त्यांच्या गावी गेलो. सकाळी अंगणात त्यांनी सराव दाखवला. मी मोजत होतो. तीन चेंडू, दोनशे फेकी, एकही पडला नाही. चार चेंडूही स्वच्छ. खांदा हे कारण असतं तर सकाळच्या गारव्यात तो जास्तच धरायला हवा होता. वय हे कारण असतं तर ते सकाळी कुठे गेलं होतं?

वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, दुपार झोपेत गेली. दिवस मावळल्यावर मी त्यांना त्याच अंगणात पुन्हा चेंडू घ्यायला सांगितले. बल्ब घराच्या ओसरीला होता. त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले तेव्हा दहापैकी दहा खेळ नीट झाले. मग मी त्यांना वळून बल्बकडे तोंड करायला सांगितलं. दहापैकी सहा वेळा चेंडू पडला. बॅटरीचा झोत बाजूने टाकला तर दोनदा.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

ते खाटेवर बसले. मग अहिराणीतच बोलले, कारण असं काही बोलायला त्यांना तीच भाषा लागते. वर्षभर रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला काटे फुटतात. चेंडू वर जातो तोवर ठीक, पण दिव्याच्या रेषेत आला की नुसता डाग उरतो. "माले चेंडू दखास नही सर, त्याना रंग दखास." घरात सांगितलं नव्हतं. डोळे गेले असं कळलं तर कोण बोलावणार?

जगलर आपल्या हातांकडे बघत नाही. तो बघतो चेंडू जिथे सर्वांत वर पोहोचतो त्या जागेकडे, आणि तिथून हात स्वतःच अंदाज घेतात. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि समोरून आलेला प्रकाश विखुरतो. स्टेजचे दिवे बरोबर त्या वरच्या जागेमागे असतात. पूर्वी गावात पिवळे हॅलोजन असायचे, आता पांढरे झगझगीत एलईडी लावतात, सरळ कलावंताच्या तोंडावर. म्हणून दिवसाचे कार्यक्रम निभावत होते आणि रात्रीचे बुडत होते. आणि जो सराव त्यांनी दुप्पट केला तो सगळा सकाळचा होता.

तालुक्याच्या नेत्रशिबिरात तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. डाव्याची शस्त्रक्रिया मार्चअखेरीस, उन्हाचा कडाका सुरू व्हायच्या आत उरकली. काही आठवडे धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही, फार वाकायचं नाही. वाकायचं नाही म्हटल्यावर जिभाऊंनी खाट भिंतीशी ओढली आणि तिच्यापुढे उभे राहिले, उस्तादांनी शिकवलं होतं तसे.

एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. एका डोळ्यात नवं भिंग आणि दुसऱ्यात जुना मोतीबिंदू असला की दोन्हींत वेगवेगळं दिसतं आणि अंतराचा अंदाज काही काळ आणखी बिघडतो. चेंडू तळहातावर न येता मनगटावर बसायचे. मे महिन्यात त्यांनी फोन करून सांगितलं की मी आता सोडतो. मी फक्त एवढंच म्हणालो की उजवा होईपर्यंत थांबा. उजवा जुलैत झाला. पट्टी निघाल्यावर त्यांनी पिशवीतून चेंडू काढला आणि बराच वेळ हातात धरून पाहिला. "हाऊ चेंडू इतला पिवया व्हता?"

पाच चेंडूंवरून भांडण

डोळे आले म्हणजे सगळं आलं असं झालं नाही. नवं भिंग एकाच अंतराला नेमकं असतं, चार महिने हात थंड होते, आणि खांदा खरोखरच धरत होता. तीन चेंडू स्वच्छ परत आले, चारही आले. पाच मात्र कधी दहा सेकंद टिकायचे, कधी तीन.

मी म्हणालो पाच काढून टाकू. यावर आमचं भांडण झालं, तीन आठवडे. ते म्हणायचे, पाच काढले तर माझं पडणं कोण खोटं मानेल? शेवटी पाच दिसतात म्हणून तर लोकांना कळतं की आधीचं सगळं सोंग होतं. आणि हा मुद्दा खरा होता. त्यांचं ऐकता ऐकताच मला उलगडलं की यावलला बिघाड फक्त डोळ्यांचा नव्हता, आयटमच्या मांडणीचाही होता.

सर्कशीत पाच चेंडू शेवटी असले तरी चालायचं, कारण हा माणूस कसबी आहे ही खात्री प्रेक्षकाला तंबूनेच दिलेली असायची. बँड वाजायचा, आधी झुल्यावरचे लोक येऊन गेलेले असायचे, तिकिटाचे पैसे मोजलेले असायचे. तिथे चूक झाली की ती गंमतच. शाळेच्या पटांगणात त्यातलं काहीच नसतं. स्वेटर घातलेला एक म्हातारा माणूस येतो आणि पहिल्याच मिनिटाला त्याचा चेंडू पडतो. पूर्वी वयाने तरणे होते म्हणून हे खपून जायचं. आता मूल त्यात आपले आजोबा बघतं.

मग ठरलं की कसब आधी दाखवायचं. सुरुवातीलाच तीस सेकंद तीन चेंडू, एकही विनोद नाही, पाठीमागून, पायाखालून, जितकं वेगात जमतं तितकं. तोंडावर हसू नाही. मुलांचं तोंड उघडं राहिलं की मगच पहिला पाडायचा. पाच गेले. चार फक्त मध्ये एकदा, आणि जे सरावात सलग तीस वेळा जमतं तेवढंच स्टेजवर. हा नियम जिभाऊंनीच घातला.

चेंडूही बदलले. पूर्वीचे रबरी होते, पडले की उसळायचे आणि घरंगळत मुलांत जायचे. ते पूर्वी गमतीचं होतं, पण आता तोच चेंडू कुणीतरी दयेने उचलून आणायचं. वहिनींनी पिवळ्या कापडाच्या थैल्या शिवल्या आणि त्यांत दादर भरली. आमची ही रब्बीची ज्वारी हातात छान बसते, आणि थैली पडली की पडल्या जागीच राहते. उचलायची ती जिभाऊंनीच. दिव्यांबद्दल आता आयोजकांना आधीच सांगतो की दिवे बाजूने लावा, समोरून नको. बहुतेक जण ऐकतात.

शेवटासाठी वांगी आली. भरिताची, हिरवी, बामणोदकडची मोठी वांगी. हिवाळ्यात आमच्याकडे त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला त्या वांग्याचं वजन हातात माहीत असतं, म्हणून ते हवेत गेलं की सगळं पटांगण श्वास धरतं. वांगं मोठं असल्याने नीट दिसतं, त्यामुळे साठीच्या हातांना ते सोयीचं. तीन वांगी फिरतात, शेवटचं एखाद्या आजीच्या ओच्यात जातं आणि जिभाऊ संपूर्ण खेळातलं एकमेव वाक्य बोलतात, "भरीत मंगा धाडज्यात."

डिसेंबर २०२३

धरणगावकडच्या एका शाळेत पहिला मोठा कार्यक्रम झाला, रात्रीचा. मी दिव्यांपाशी उभा होतो. तीस सेकंदांच्या वेगाने मुलं गप्प झाली. पहिला चेंडू पडला, जिभाऊंनी वर बघितलं आणि पटांगण उसळलं. "खाली! खाली!" ते वरच बघत राहिले, इतका वेळ की मीही वर पाहिलं.

घरी येऊन चित्रण तपासलं. ठरलेले चार, पडलेले पाच. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधला एक खरा होता; हनुवटी खाली गेली होती, अगदी थोडी. कुणी उठलं नाही, हशाही तुटला नाही. सुरुवातीच्या तीस सेकंदांत मिळालेल्या विश्वासातून तो एक चेंडू वळता झाला असं मी धरतो. मी फोनवर त्यांना पाच सांगितले. ते म्हणाले, "माहीत शे," आणि तो कितवा होता तेही सांगितलं.

सगळं सुटलेलं नाही. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे, पण तिथे कलावंत असल्याचे पुरावे लागतात. बंद पडलेल्या कंपनीने खलाशाला किंवा जोकराला कधी कागद दिले नव्हते. त्यांच्याकडे दोन फोटो आणि एक अर्धवट फाटलेलं पोस्टर आहे. त्या कागदांचं काम मी अजून करतो आहे. खांदा थंडीत धरतोच. पावसाळ्यात कार्यक्रम नसतात तेव्हा ते दुसऱ्यांच्या शेतावर जातात.

२०२४ च्या उन्हाळी शिबिरात सहावीतली एक मुलगी त्यांच्याकडे शिकायला लागली. शिबिर संपल्यावरही दर रविवारी वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसून गावी येते. भिंतीकडे तोंड, पायाशी खाट, दादरचे तीन चेंडू. चार महिन्यांत ती शंभर फेकींपर्यंत पोहोचली. तिला मात्र आकाशाकडे बघायचं आहे, टोपी पाडायची आहे, लोकांना हसवायचं आहे. मी गेलो त्या रविवारी तिने चेंडू न थांबवता, भिंतीकडे बघतच विचारलं, "जिभाऊ, आते पाडू का?"

"आजून नही," जिभाऊ म्हणाले आणि मोजायला लागले.